काकूंचं नाव मी लिहिलं

मत द्यायला जाताना तुम्हाला कधी भीती वाटली आहे? मला नाही. बाबा डॉक्टर म्हणून एडिनबराला आले ते लाल पत्रकांची एक बॅग घेऊन. मी मराठी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. मोर्चा, सही, मतदान हे आमच्याकडे जेवणाइतकंच रोजचं.

शेजारच्या पोलिश काकूंना मात्र भीती वाटायची. इथे अठरा वर्षं काढली, पण आपल्या देशासाठी त्यांनी एकदाही मत दिलं नव्हतं. यंदा पोलंडमध्ये राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता आणि इथल्या पोलिश लोकांना एडिनबरातच मत देता येणार होतं. मी महिनाभर मागे लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "चल बाई, नाहीतर माझं डोकं खाशील."

मतदानाच्या हॉलबाहेरची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. टोपी घातलेले एक आजोबा वहीत एकेकाचं नाव लिहून घेत होते. काकूंनी सांगितलं, कम्युनिस्ट राजवटीत मांसासाठी दिवसदिवस रांगा लागायच्या, तेव्हा लोकच अशी यादी करायचे. नाव लिहिलं की बाकावर बसायला मोकळे. फक्त हजेरीला ओ द्यायची, नाहीतर नाव कापलं जायचं. राजवट गेली, वही राहिली! मला तर हे फारच आवडलं.

"तुमचं नाव?" आजोबांनी विचारलं.

"मी उभी राहीन," काकू म्हणाल्या.

त्यांचे गुडघे सुजलेले मला दिसत होते. त्या टॉयलेटला गेल्या तेवढ्यात मी त्यांचं नाव सांगून टाकलं. हजेरीत ते मोठ्याने पुकारलं गेलं आणि काकू पांढऱ्याफटक पडल्या.

"कुणी दिलं?"

"मीच. तुमचे गुडघे…"

"तेव्हा संपावर गेलेल्यांची यादी अशीच कुणीतरी केली होती. माझ्या भावाला पोलिसांनी त्या यादीवरून उचललं."

त्या तडक बसस्टॉपकडे निघाल्या. आजोबा लंगडत मागे आले. त्यांनी वही उघडून ते नाव पेनने गिरवून गिरवून काळं केलं.

"आता नाव नाही. तुमचा चेहरा लक्षात ठेवतो."

"चेहरे लक्षात ठेवणारेच तर नको झालेत मला!"

रांगेत हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. तेवढ्यात बाळाला कडेवर घेतलेली एक बाई म्हणाली, "माझ्यापुढे उभ्या राहा, काकू. मी कुणाला काही विचारत नाही."

त्या उभ्या राहिल्या. पुढचा दीड तास त्या रस्त्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. प्रत्येक बस आली की माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी त्या आत गेल्या. बाहेर आल्यावर "झालं" एवढंच म्हणाल्या. माझा हात न धरता, कठडा धरून पायऱ्या उतरल्या.

मी चांगल्यासाठीच केलं होतं. ते ऐकून घ्यायची त्यांना काही गरज नव्हती.

तुम्हीही माझ्यासारखे सह्यांचे कागद घेऊन फिरत असाल, तर एवढं करा: विचारल्याशिवाय कुणाचं नाव लिहू नका. आणि कुणी नाही म्हणालं, तर त्याला आपल्यापुढे उभं राहू द्या.