एकही गोळी न सुटलेली कादंबरी

स्टाफरूममध्ये कपबशी फुटली की आम्ही सगळे कपबशीकडे बघायचो. इंदूबाई माणसांकडे बघायच्या. कोण दचकलं, कोण हसलं, कोणी आधी आपला मोबाइल उचलला! निलंग्याच्या आमच्या कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या आणि मी इतिहास. "फुटलेलं काय बघायचं? ते तर फुटलं. फुटल्यावर माणूस काय करतोय ते बघा की," असं म्हणत त्या खाली बसून तुकडे गोळा करायच्या. मला हा शुद्ध भोचकपणा वाटायचा. गेल्या वर्षी बाई गेल्या, आणि आता कुठं काही पडलं की माझीच नजर माणसांकडे जाते.

बाई युद्धावर कादंबरी लिहीत होत्या. त्यांचे थोरले भाऊ, भीमराव अण्णा, फौजेतून परतल्यापासून बाईंकडेच राहायचे. तिकडं काय झालं याबद्दल अण्णांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, अन् बाईंनी कधी विचारलंही नव्हतं. मला कसलं राहवतंय! "अहो, घरात साक्षात फौजी, अन् तुम्ही विचारत नाही?"

"विचारलं तर ते मला झेपंल तेवढंच सांगतील," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा मी बघते."

त्यांनी एकच गोष्ट ठरवून टाकली होती. लिहिलेलं आधी अण्णांना वाचून दाखवायचं. ते नको म्हणाले तर पुस्तक छापायचं नाही. इतक्या वर्षांची मेहनत अशी एका माणसाच्या हो-नाहीवर टांगलेली बघून माझाच जीव वरखाली व्हायचा.

मी पानं वाचली आणि चक्रावले. कादंबरीतला फौजी एक शब्द बोलत नव्हता. त्याची बायको बोलायची, शेजारी बोलायचे, पिठाच्या गिरणीवर बाया कुजबुजायच्या. तो कळायचा तो या सगळ्यांच्या बोलण्यातून. एका प्रकरणाचा शेवट तर एवढाच, की बायको कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करते. मी इतिहासवाली, मला लढाई तहासकट लागते. म्हटलं, "बाई, युद्धाची कादंबरी अन् एक गोळी नाही? लग्नाला बोलावून अक्षताच नाहीत की हो!"

बाई हसल्या, पण मनावर घेतलं. एक दणदणीत लढाई लिहिली. तोफा, धूर, सगळं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी वाचन ठरलं. मी आगाऊपणे हजर होतेच. आधी लढाई. अण्णा पाय पसरून ऐकत होते. "झकास हाय. पिक्चरवानी," म्हणाले आणि चहा मागितला. मी बाईंकडे बघून भुवया उडवल्या.

मग बाईंनी पोळ्याचं प्रकरण काढलं. वेशीत बैल उभे आहेत, पोरं फटाक्यांची माळ लावतात. एक बैल बुजतो, सगळा गाव त्याच्यामागं धावतो. इकडं मारुतीच्या पारापाशी तो फौजी शेजारची चिमुरडी पोटाखाली घेऊन मातीत पालथा पडलाय. तिला वाटतं काका खेळतायत. ती खालून खिदळते, "काका, अजून एकदा!"

अण्णा उठले आणि परसात निघून गेले.

बाईंचा चेहरा उतरला. एका पोळ्याला अण्णांना असंच पडलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांनी पाहिलंय हे आता अण्णांनाही कळलं होतं. "संपलं," त्या हळूच म्हणाल्या आणि पानं पिशवीत भरायला लागल्या. मला तर रडूच यायला लागलं. परसातून हौदाच्या पाण्याचा आवाज येत राहिला.

बऱ्याच वेळानं अण्णा तोंडावर पाणी मारून आले. दारातच उभे राहिले.

"इंदे, त्या माणसाला फुडं झोप लागती का?"

बाई गडबडल्या. "अजून तिथवर लिहिलं न्हाई, अण्णा."

"लागती असं लिही," अण्णा म्हणाले. "अन् ते लढाईचं काढून टाक."

छापलेल्या पुस्तकात लढाई नाही. शेवटच्या प्रकरणात तो माणूस भर दुपारी ओसरीवर गाढ झोपलाय, आणि घरातल्या बाया चपला हातात घेऊन अंगणातून ये-जा करतायत.