वहिनींचा जादा पाटा

गाडीच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसावेत आणि ते पाय बाईचे निघावेत, असं झालं की नवं गिऱ्हाईक दोन पावलं मागे जाऊन दुकानाची पाटी पुन्हा वाचायचं. पाटी बरोबरच असायची. वर मोठ्या अक्षरांत 'कमानी आणि शॉकअप', आणि खाली बारीक अक्षरांत 'घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावे'. हे खालचं वाक्य वहिनींचं. सासऱ्यांनी दुकान त्यांच्या हाती दिलं, त्याच आठवड्यात त्यांनी ते स्वतःच्या हाताने रंगवलं होतं.

सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणायची. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना पाना कुठला आणि पक्कड कुठली हे कळत नव्हतं. सासऱ्यांना चहा द्यायला दुकानात यायच्या आणि कप परत न्यायचा विसरून तिथेच बघत उभ्या राहायच्या. एके दिवशी सासरे म्हणाले, "सूनबाई, नुसतं काय बघतेस? हा जॅक धर आणि मग बघ." त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. नवऱ्याला ग्रीसच्या वासाने शिंका यायच्या, त्यामुळे तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरी स्वयंपाक करायचा. दोघांचंही उत्तम चाललं होतं. ज्यांना यात काही वावगं वाटायचं ते आपली गाडी दुसरीकडे न्यायचे, आणि महिन्याभराने मुकाट्याने इकडे आणायचे.

कमान म्हणजे काय, तर वाकवलेल्या पोलादाचे पाटे एकावर एक रचून आवळलेले. गाडीच्या मागचा सगळा भार तिच्यावर. वहिनी प्रत्येक पाट्यावर हातोडीची टिचकी मारायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "हा दमलाय, हा अजून दोन वर्षं काढेल, आणि हा तर नुसता झोपा काढतोय." कधी चूक नाही. त्या हाताचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

आता वन्संबद्दल. वन्सं म्हणजे वहिनींची नणंद, दातांची डॉक्टर. वयाने वहिनींपेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि आवाजाने चारपट. ज्या इमारतीत त्यांचा दवाखाना होता ती पाडायला घेतली, तेव्हा बाकीचे भाडेकरू रडत बसले. वन्संनी एक ट्रेलर घेतला. त्यात खुर्ची बसवली, दिवा लावला, कॉम्प्रेसर ठेवला, पाण्याची टाकी चढवली आणि जाहीर केलं, "पेशंट माझ्याकडे येत नाहीत ना? मीच जाते त्यांच्याकडे!" ट्रेलर ओढायला त्यांनी एक जुनी एसयूव्ही घेतली. आधीच्या मालकाने ती हौसेने चांगली वीतभर उंच करून घेतलेली. वन्संची स्वतःची उंची बेताची, त्यामुळे त्या गाडीत बसायच्या नाहीत, चढायच्या. पण आत बसल्यावर रस्ता आपल्या बापाचा वाटतो, असं म्हणायच्या.

पहिल्याच फेरीला घाटाच्या लांब उतारावर मागचा ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडा, मग असा की आरशात कधी त्याची डावी बाजू दिसायची, कधी उजवी. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. वन्संची पाचावर धारण बसली. कशीबशी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि दुधाच्या गाडीतून घरी आल्या. पुढचे आठ दिवस त्यांनी त्या किल्लीला हात लावला नाही.

"विकून टाकते," त्या म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी एक जण बघायला येतोय. त्या मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळेल मला. दुसऱ्याच्या हाताखाली तर दुसऱ्याच्या हाताखाली."

हे सांगताना एरवीचा खणखणीत आवाज इतका बारीक झाला होता, की वहिनींना जेवण जाईना. सोमवारी डोंगरावरच्या शाळेत एकशेबारा मुलं वन्संची वाट बघणार होती. त्यातल्या निम्म्यांनी आजवर दातांचा डॉक्टर पाहिलाही नव्हता. आणि ही बाई, जिने आयुष्यात कोणाला 'हो साहेब' म्हटलं नाही, ती दुसऱ्याच्या दारात उभी राहणार?

"वन्सं, रविवारपर्यंत थांबा," वहिनी म्हणाल्या. "गाडी मी बघते. रविवारी सकाळी त्याच उतारावरून तुम्ही ती चालवायची. नाही जमलं तर खुशाल विका, मी स्वतः पुसूनबिसून देईन."

वहिनींनी घाटात उभी असलेली गाडी आणि ट्रेलर बैलगाडीच्या चालीने दुकानात आणले. पाहतात तो काय, ट्रेलर जोडला की गाडीची शेपटी खाली आणि नाक आभाळाकडे. पुढच्या चाकांवर भारच नाही, मग ती वळणार कशी?

"एवढी दांडगी गाडी, आणि तिला झेपत नाही?" वन्संनी विचारलं.

"उंच आहे म्हणून दांडगी कशी? उंटाची मान उंच असते, म्हणून त्याला कोणी लाकडाचे ओंडके ओढायला लावतं का? हिला दिसायला उंच केलीय, पेलायला नाही. मागे जादा पाटा घालायचा, शॉकअप जाड घ्यायचे, हुक खाली उतरवायचा म्हणजे ट्रेलर सपाट राहील. पण पाटा किती जाड, ते हुकावर भार किती पडतो त्यावर."

तो भार मोजायची वहिनींची पद्धत सासऱ्यांकडून आलेली. ट्रेलर जोडून चाकाच्या वरच्या पत्र्यापाशी खडूची खूण करायची. मग ट्रेलर सोडायचा, हुकावर फळी टाकायची, आणि गाडी त्याच खुणेपर्यंत बसेस्तोवर फळीवर माणसं बसवायची. माणसांच्या वजनाची बेरीज, तोच हुकावरचा भार. एरवी दुकानातले तिघे कारागीर बसायचे, त्यांची वजनं भिंतीवरच लिहिलेली. पण तो सुट्टीचा दिवस होता. मग काय, घरचीच माणसं! नवरा, सासूबाई आणि खुद्द वन्सं फळीवर ओळीने बसली, आणि गाडी नेमकी खुणेवर आली.

"वजनं सांगा," वहिनी खडू घेऊन म्हणाल्या. "खरी सांगा."

"बहात्तर," नवरा म्हणाला.

"पंचावन्न," सासूबाई म्हणाल्या.

वन्संनी जरा आढ्याकडे पाहिलं. "साठ."

वहिनींनी बेरीज केली, एकशे सत्त्याऐंशी, आणि कामाला लागल्या. पाटा तापवला, वाकवला, पाण्यात बुडवला, पुन्हा शेकला. दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. शनिवारी दुपारी नवी कमान चढली, जाड शॉकअप बसले, हुक खाली आला. कारागिरांनी गाडीभोवती कडं केलं.

"आता ट्रेलर जोडल्यावर गाडी एक बोट बसेल," वहिनी म्हणाल्या. "एकच."

ट्रेलर जोडला. गाडी एक बोट बसली, दोन बोटं बसली आणि अडीच बोटांवर थांबली. नाक पुन्हा वर.

 वहिनी चाकापाशी बसल्या, पुन्हा मोजलं. उठल्या, पाट्यावर टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. मग स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिल्या. त्या बोटांचे सांधे वर्षभर दुखत होते, हे त्यांनी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं.

"हात गेला माझा," त्या म्हणाल्या. "आवाज बरोबर येतोय आणि माप चुकतंय. म्हणजे कानही गेला." त्यांनी हातोडी खुंटीला अडकवली. "अहो, पाटी उतरवून ठेवा. ज्या हाताला कळत नाही तो हात माणसं बसलेल्या गाडीला लावायचा नसतो. वन्सं, बोलवा तुमच्या त्या गिऱ्हाइकाला. मला माफ करा."

आणि वहिनी, ज्यांच्या पायावर एकदा अख्खा जॅक पडला तेव्हासुद्धा ज्यांनी फक्त 'अगं बाई' म्हटलं होतं, त्या सगळ्यांसमोर पदराने डोळे पुसायला लागल्या.

वन्सं लालबुंद झाल्या.  दुकानात तिघे कारागीर, शेजारचा भंगारवाला, भाऊ, आई. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ त्यांनी वीस वर्षं झाकली होती. लग्नाच्या वयात, डॉक्टरांकडे, विमानतळावर, कुठेकुठे म्हणून उघडली नव्हती.

"अठ्ठ्याहत्तर," वन्सं म्हणाल्या.

"काय अठ्ठ्याहत्तर?" वहिनींनी विचारलं.

"मी! मी अठ्ठ्याहत्तर किलो आहे! साठ मी कॉलेजात होते!" आता तो जुना खणखणीत आवाज पूर्ण परत आला होता आणि समोरच्या टपरीपर्यंत पोचत होता. "तुझ्या हाताला काही झालेलं नाही वहिनी, माझ्या जिभेला झालंय. घे ती हातोडी हातात! आणि ऐकलंत ना सगळ्यांनी? ऐकलं नसेल तर पुन्हा सांगते!"

 वहिनी नणंदेकडे बघतच राहिल्या. बेरजेतले अठरा किलो सापडले होते, पण त्यांच्या हिशेबाने अजूनही चौदा कमी पडत होते. त्यांनी सावकाश मान वळवली.

नवरा खाकरला. "मी... म्हणजे ते बहात्तर लग्नातलं होतं."

"आणि आता?"

"ऐंशी. तुझ्यासाठी चांगलंचुंगलं करतो, ते चाखून बघावं लागतं."

"आई?"

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई फणकारल्या. "मी चष्मा न लावता काटा बघितला होता. एकसष्ट असेल. असेल म्हणजे आहेच."

वहिनींनी बोटांवर बेरीज केली. मग हसायला लागल्या. टायरवर बसून, पोट धरून, डोळ्यांत आधीचंच पाणी असताना हसल्या. "अहो, सव्वीस वर्षं पोलादाचं ऐकतेय मी, ते एकदा खोटं बोललं नाही! आणि घरची माणसं! आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता सांगायचं कोणाला?" हसता हसता त्या उठल्या आणि वन्संना ग्रीसच्या हातांनीच मिठी मारली. वन्संचा पांढरा सदरा कायमचा कामातून गेला. तरी भंगारवाल्याने आपला मोठा काटा आणलाच. तिघंही त्यावर ओळीने चढली, कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. दोनशे एकोणीस. वहिनींनी तो आकडा भिंतीवर लिहिला आणि भट्टी पेटवली. संध्याकाळी दुसरा पाटा चढला, ट्रेलर जोडला, आणि गाडी बरोबर एक बोट बसली.

रविवारी सकाळी वन्सं स्टिअरिंगवर आणि वहिनी शेजारी. निघताना वन्संची बोटं इतकी घट्ट आवळलेली होती की वहिनींनी रेडिओ लावायचासुद्धा धीर केला नाही. शहर मागे पडलं. मग वन्संनी सहज विचारलं, "बोटं कधीपासून दुखतायत?" वहिनी म्हणाल्या, "दुखत नाहीत." वन्सं म्हणाल्या, "मी अठ्ठ्याहत्तर सांगितलं. आता तू सांग." मग वहिनींनी सांगितलं. सगळं सांगितलं, सकाळी मूठ वळत नाही इथपासून. वन्सं डॉक्टरच त्या, बोटं हातात घेऊन बघितली, आधी रागावल्या, मग कोणत्या डॉक्टरला दाखवायचं ते सांगितलं, मग तुझ्यानंतर दुकान कोण बघणार यावर भांडल्या, मग त्या भंगारवाल्याच्या तोंडाची नक्कल केली. दोघी हसून हसून बेजार झाल्या.

हसू आवरल्यावर वन्सं एकदम ताठ बसल्या. "वहिनी, पुरे आता. मला नीट लक्ष देऊ दे. तो उतार आला की सांग मला."

वहिनींनी आरशात पाहिलं. मागे ट्रेलर सरळ रेषेत येत होता आणि त्याच्याही मागे, बराच लांब, घाट दिसत होता.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्या वेळी माझी बोटं बघायला एक हात सोडला होतात ना, तोच उतार होता."

वन्संनी गाडी कडेला घेतली, खाली उडी मारली आणि ट्रेलरला एक फेरी मारून आल्या. मग फोन काढून त्या संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, की येऊ नका, गाडी उद्या कामावर जायची आहे.