परब सर आणि आकसणारं जेल

माणूस असतो तेव्हा त्याचे किस्से एवढे नसतात हो, गेला की कुठून कुठून निघतात! आमच्या परब सरांचं तेच झालंय. अंधेरीच्या लॅबमध्ये चहाला बसलो की कुणीतरी सुरू करतंच, "सर एकदा ना..." आणि चहा गार होतो.

सरांचा विषय एकच, तापवलं की आकसणारं जेल. काचेसारखी चकती, कोमट झाली की पाणी सोडते आणि पांढरी पडते. आतल्या धाग्यांना किती गाठी, यावर ती किती आणि किती वेगाने आकसणार ते ठरतं. सरांना झटपट आकसणारी हवी होती. अख्खी नोकरी त्यात गेली.

*

मी नवीन होतो. म्हटलं, गाठी वाढवू, काम फत्ते! गाठी मारणारं रसायन, म्हणजे क्रॉसलिंकर, भरपूर ओतलं. चकती गरम पाण्यात ढिम्म! सरांनी ती चिमट्याने टेबलावर आपटली. "मेल्या, ह्यां जेल आसा काय धोंडो?" सरांची मालवणी बाहेर आली की आपली वाट लागली समजायचं.

*

प्राजक्ता, सरांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी, तिने उलटं केलं. गाठी अगदी कमी. तर बाहेरची साल आधी आवळली आणि पाणी आतच अडकलं.

"सर, आमच्या सोसायटीच्या टाकीसारखं झालंय. पाणी आहे, पण सोडत नाही!"

"मग वॉचमन बदल!" सर म्हणाले.

*

मे महिन्यात एसी बंद पडला. सकाळी बघतो तर सगळ्या चकत्या आपोआप पांढऱ्या! प्राजक्ता रडायला लागली. सर म्हणाले, "रडतेस काय? प्रयोग मुंबईने केला, पेपरात तिचं नाव घाल."

*

मग सर आजारी पडले. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा परब काकूंनी त्यांना बोरिवलीला घरी आणलं. फोनवर एकच प्रश्न, "आकसला काय गो?" फार वाईट वाटायचं यार. त्यांना ते डोळ्यांनी बघायचं होतं, आणि वेळ उरला नव्हता.

शेवटी प्राजक्ताला जमलं. गाठी मोजक्या, मधे मोकळे धागे. थर्मासमध्ये गार पाण्यात चकत्या घालून आम्ही निघालो. रिक्षात खात्रीसाठी एक माझ्या तळहातावर ठेवली. बघता बघता पांढरी! झकास!

काकूंनी सरांना उशीला टेकवून बसवलं. प्राजक्ताने त्यांचं मनगट धरून तळहातावर चकती ठेवली. चकती तशीच राहिली, काचेसारखी. सरांचा हात गार पडला होता.

सर म्हणाले, "गाठी जास्त पडल्यो गो. परत कर."

प्राजक्ता म्हणाली, "हो सर, माझंच चुकलं. उद्या नवीन आणते."