पाहुणे व्हायची हौस

घरी आलेल्या नव्या माणसालाच चहा करायला लावणारा, माझ्या धाकट्या दिरांसारखा माणूस अख्ख्या कोलकात्यात सापडायचा नाही. बँकेतून निवृत्त झाले आणि बेहालातल्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत दर रविवारी मुलं जमवू लागले. मुलं तरी कुठली, तर अफगाणिस्तानातून, ब्रह्मदेशातून घरदार सोडून आलेली, सोळा-सतरा वर्षांची, यांना बंगाली रीतीने दादू, म्हणजे आजोबा म्हणणारी. त्यांना बंगाली शिकवायची, शाळेच्या प्रवेशासाठी हेलपाटे घालायचे, कॅरम खेळायचा. पण आधी मुलांनी यांना काहीतरी शिकवायचं, हा यांचा नियम. त्यापायी साठी उलटल्यावर ते ब्रह्मी पद्धतीने लुंगी नेसायला शिकले आणि सुटेल या धास्तीने वरून कातडी पट्टा आवळून बाजारात गेले. मासेवाल्याने विचारलं, "दादा, कंबर धरलीय का?" हे म्हणाले, "कंबर उत्तम आहे, गाठ कच्ची आहे."

आम्हा बदलीच्या नोकरीतल्या मराठी माणसांना एक खोड असते बघा. माणूस भेटला की पाण्याच्या आधी विचारायचं, मूळ गाव कोणतं. दिरांनी तर एस्प्लनेडच्या बसमध्ये तेवढ्यावरून नाती शोधून काढली आहेत. एका रविवारी एक अफगाण मुलगी नवीन आली. यांनी मोठ्या प्रेमाने हिंदीत विचारलं, "बेटा, मूळ गाव कोणतं? सुट्टीत घरी कधी जाणार?" ती उठली, चपला घातल्या आणि गेली. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. शाळेच्या प्रवेशाची मुदत जवळ आली, मुलीचा पत्ता नाही आणि आमच्या दिरांना घास गिळवेना.

"वहिनी, मी विचारलं काय, तर जिथे तिला परत जाता येत नाही तेच."

"मग तिच्या घरी जाऊन या, भाऊजी. मात्र समजावू नका. तुम्ही समजावायला लागलात की व्याख्यान होतं."

मला सोबत घेऊन गेले. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "आज मी पाहुणा आहे. चहा मिळेल?" तिच्या आईने वेलची घातलेला हिरवा चहा दिला. बिनदुधाचा चहा म्हणजे यांच्या लेखी काढा, पण टाकायचं नाही ही आमच्याकडची शिकवण. हे पेला संपवत, आणि रिकामा पेला दिसला की त्या माउली पुन्हा भरत. यांच्या कपाळावर घाम आला तेव्हा ती मुलगी खुदकन हसली. "दादू, पुरे झालं असेल तर पेला पालथा घाला. आमच्यात तसंच करतात."

"शिकवलंस ना मला? आता रविवारी माझी पाळी."

ती आली, तिला प्रवेशही मिळाला. तेव्हापासून नव्या मुलाला गाव विचारत नाहीत. तुमच्याकडे चहा कसा करतात ते विचारतात, आणि त्याच्या हाती किटली देऊन आपण पाहुण्यासारखे भिंतीशी बसतात.

आता दिरांचा मुलगा त्यांना पुण्याला बोलावतो आहे. गुडघ्यांना जिना झेपत नाही, जावंच लागणार. परवाच्या रविवारी चहा त्या अफगाण मुलीनेच केला. पेला पुढे करत अगदी सहज विचारलं, "दादू, सुट्टीत घरी कधी येणार?"

दिरांनी चहा संपवला, पेला पालथा मात्र घातला नाही. तिने तो पुन्हा भरला.