फाटकातून मेंढरं

मला काहीही ठरवायचं असलं की मी वहीचं पान मधोमध दुमडते. बोअर कुठं घ्यायचा ते असंच ठरवलं, मुलीचं स्थळही असंच. यंदा चैत्रात डाव्या बाजूला ‘जायचं’ लिहिलं, उजव्या बाजूला ‘राहायचं’. डावीकडं अकरा मुद्दे झाले, उजवीकडं चार. त्या चारांत एक ‘सवय आहे’ असा होता, म्हणजे खरे तीनच.

प्रश्न आमच्या दीड एकराचा होता. लग्न होऊन बारामतीच्या या कडेला आले तेव्हा चारी बाजूंनी ऊस होता. आता तीन बाजूंनी रो-हाउस आहेत. चौथ्या बाजूला कालवा आहे, म्हणून तिकडं नाहीत. मधे आमचं पत्र्याचं घर आणि मेथी, कोथिंबीर, कांदा, वांगी. ते विकलं तर लासुर्ण्याजवळ, नणंदेच्या बांधाला लागून, साडेचार एकर मिळत होतं. डावीकडचे मुद्दे खोटे नव्हते. पंप सुरू केला की तक्रार, फवारणी केली की तक्रार, दुमजली घरांची सावली पडून कडेचे चार वाफे कायम पिवळे. नवऱ्याचं मत केव्हाच ठरलं होतं.

“हितं आता आपुनच पाहुणं झालोय,” तो म्हणायचा. “लासुर्ण्याला निदान मोकळं शिंकता तरी येईल.”

मीही जवळजवळ हो म्हटलं होतं.

दरवर्षी वैशाख संपता संपता आमच्या मोकळ्या रानात मेंढरं बसतात. लोणी भापकरचे एक तात्या कोकणातून परतले की कळप घेऊन येतात. तीन रात्री मेंढरं रानात मुक्काम करतात, लेंड्या आणि मूत जमिनीत जिरतं, आणि पुढं वांग्याला दुसरं खत घालावं लागत नाही. आम्ही ज्वारी देतो आणि दोन्ही वेळचं जेवण. हे सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलंय. तात्यांचा एक मुलगा कंपनीत लागला, दुसरा टेम्पो चालवतो. कळप तेवढा तात्यांनी सोडला नाही.

यंदा येण्याची तारीख विचारायला मी त्यांना फोन केला.

“वैनी, यंदा न्हाय जमायचं.”

“का? तब्येत बरी नाही का?”

“तब्येतीला काय धाड भरलीय! तुमच्या त्या फाटकाचं काय करायचं ते सांगा.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दीड वर्षापूर्वी रो-हाउसवाल्यांनी आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर फाटक बसवलं आणि ‘जनावरांना प्रवेश बंद’ अशी पाटी लावली. आमची मोटारसायकल सोडतात, म्हणून आम्ही गप्प बसलो. गेल्या वैशाखात तात्यांना त्याच फाटकावर अडवलं होतं. ते मोठ्या रस्त्यानं वळसा घालून कालव्याच्या कडेनं आले आणि त्या वळशात एक कोकरू गाडीखाली गेलं. नंतर तीन दिवस आमच्याकडं राहिले, जेवले, पण एका शब्दानं बोलले नाहीत.

“मला सांगायचं नाही का, तात्या?”

“तुमी त्यांच्यातच ऱ्हाता. तुमाला रोज त्यांची तोंडं बघायचीत.”

फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. त्यांच्यात? ही वाट सासऱ्यांच्या बैलगाडीनं मळलेली. ते आमच्यात राहायला आलेत. आणि पाटी लागली त्या दिवशी मी मोटारसायकल जाते एवढ्यावर समाधान मानलं होतं. हा मुद्दा माझ्या यादीत कुठल्याच बाजूला नव्हता.

मोजणी ऑफिसात दोन हेलपाटे घालून गावनकाशाची नक्कल काढली. गाडीवाट तिच्यावर तुटक रेषांनी दाखवलेली होती, आणि फाटक बरोबर त्या रेषांवर येत होतं. तीन झेरॉक्स काढल्या. एक अर्जाला जोडून तहसीलला दिली, एक वॉचमनला, एक रो-हाउसच्या फळ्यावर लावली. तिच्याखाली लिहिलं: ‘शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता या वाटेनं मेंढरं जातील. सोमवारी सकाळी सातला परत जातील. गाड्या कडेला लावाव्यात. वास तीन दिवस येईल.’ खाली सही केली. मग तात्यांना कळवलं, फाटकाचं माझ्याकडं लागलं.

दुसऱ्या दिवशी रो-हाउसवाल्यांचे चेअरमन आले. पस्तिशीतला माणूस, कंपनीत मोठ्या जागेवर.

“काकू, लोक फार वैतागलेत. वास, माश्या. जरा समजून घ्या.”

“घेतलं. दर गुरुवारी तुमच्याकडं मेथी येते ती कुणाची?”

“तुमचीच. ऑर्गॅनिक असते म्हणून तर मिसेस...”

“ऑर्गॅनिक म्हणजे लेंड्या. त्या शुक्रवारी येतायत.”

ते हसले नाहीत. “पण तुम्ही तर जागा विकून चाललाय ना? मग एका वर्षासाठी कशाला वाद?”

आमच्या जाण्याचं यांना कसं कळलं? मागं नवरा कांदे निवडत होता. तो एकदम फारच लक्ष देऊन निवडायला लागला.

“मी अजून ठरवलेलं नाही,” मी म्हटलं. “ज्यानं सांगितलं त्यालाही हे आत्ताच कळतंय.”

शुक्रवारी पाचला पाच मिनिटं असताना तात्या फाटकासमोर येऊन थांबले. मागं दीडशे मेंढरं. वॉचमन नरसिंहपूरकडचा. त्यानं नक्कल उघडून बघितली, मग चेअरमनच्या घराकडं बघितलं. “कागद हाय, मी काय करनार?” असं त्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला आणि फाटकाची दोन्ही दारं उघडली.

मी पुढं, तात्या मधे, नवरा मागं. वरच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. ज्यांनी बंद केल्या नाहीत ते मोबाइल धरून उभे होते. चेअरमनच्या मेंदीच्या कुंपणाला दोन मेंढ्यांनी तोंड घातलं तेव्हा मी ओरडले, “तात्या, तेवढं सोडून!”

“वैनी, मेंढराला नकाशा वाचता येत न्हाय,” तात्या म्हणाले. पण काठी आडवी घालून त्यांनी दोघींना वळवलं.

सोमवारी सातला कळप त्याच वाटेनं परत गेला. गुरुवारी भाजीला नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मीच घरं आली. हे होणार हे मी धरूनच चालले होते, आणि ते मी वहीत लिहूनही टाकलं. डावीकडं बारावा मुद्दा.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, “लासुर्ण्याला काय कळवू?”

“नको म्हणून कळव.”

“अगं, डावीकडं बारा हायत की!”

“आहेत. बाराही खरे आहेत. पण आपण गेलो की दुसऱ्या दिवशी त्या फाटकाला कुलूप लागेल आणि तात्या परत मोठ्या रस्त्यानं जातील. मला जायचं असेल तेव्हा मी जाईन. फाटकवाल्यांनी ठरवलं म्हणून नाही.”

मी ते दुमडलेलं पान फाडलं नाही, नुसतं उलटलं आणि नव्या पानावर लिहायला घेतलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना खुणेचे दगड. राहिलेली भाजी मंडईत कोण नेणार. रोपवाटिकेला फोन, वांग्याची रोपं.

त्यानं मान वाकडी करून पान वाचलं.

“वांगी भरताची का काटेरी?” त्यानं विचारलं.

“काटेरी,” मी म्हटलं आणि पुढं आकडा टाकला.