कनूत मागे कोण बसणार

विश्रांतवाडीतल्या त्या सोसायटीत भांडणांना तोटा नव्हता, पण द्वारकाबाई आणि दत्तप्रसाद या नवराबायकोचं जुंपलं की खालच्या मजल्यावरची मंडळी टीव्हीचा आवाज बारीक करत. दिवाळी सरली आणि यंदाचं भांडण सुरू झालं. विषय एकच: कनूत मागे कोण बसणार?

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी होडी. दोघं एकामागे एक बसतात. पुढचा नुसता वल्हवतो. दिशा मागच्याच्या हातात. पुढच्याला मागचा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. आणि द्वारकाबाई तर पलीकडच्या काठालाही ऐकू यायच्या.

बाई मूळच्या नदीकाठच्या कळस गावच्या. नदीला वास यायच्या आधीच्या काळातल्या. बापानं पाठीला वाळके भोपळे बांधून विहिरीत ढकललं, तेव्हापासून त्यांची पाण्याशी सोयरीक. पुढे सगळी नोकरी महापालिकेच्या तलावावर पोरींना पोहायला शिकवण्यात गेली. लग्न मात्र जमिनीवरच्या माणसाशी झालं. दत्तप्रसाद खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुपरवायझर. तिथे आत काडीपेटी चालत नाही आणि उलट उत्तरही चालत नाही; ती शिस्त त्यांनी घरी आणली. पडदे कुठल्या रंगाचे, कुणाच्या लग्नाला काय आहेर, मुलानं कुठल्या शाखेला जायचं, सगळं तेच ठरवत. बाई ‘बरं’ म्हणत. ते म्हणताना दात किती आवळले जात, हे त्यांच्या दाताच्या डॉक्टरला माहीत.

निवृत्त झाल्या झाल्या बाईंनी नवऱ्याला न विचारता एका बंद पडलेल्या क्लबकडून जुनी कनू विकत घेतली. दत्तप्रसाद महिनाभर बोलले नाहीत. तो महिना बाईंना फार सुखाचा गेला. मग अबोल्याची हौस फिटली आणि ते स्वतःच येऊन पुढे बसले, कारण बायको दुसऱ्या कुणाबरोबर गेली तर लोक काय म्हणतील. काही हिवाळे धरणांच्या पाण्यावर असेच गेले. मागून बाईंचा तोफखाना चालू: "अहो, वरण ढवळताय का? खोल मारा. डावीकडे. तुमची डावी कुठली?" त्यात त्यांना जे सुख मिळे ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी मुलानं, विश्वजीतनं, काठावरून याचा व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळं गणगोत हसलं. बाईंच्या भावानं लिहिलं, "दाजी, घरी पण पुढेच बसता का?" हे दत्तप्रसादांच्या फार जिव्हारी लागलं.

म्हणून यंदा मोहिमेची आखणी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. तापोळ्याहून निघायचं, धरणाच्या पाण्यातून कांदाटीच्या खोऱ्यात शिरायचं, काठावर तंबू ठोकून तीन दिवस काढायचे. समोर अभयारण्याचं जंगल, रस्ता नाही, फोनला रेंज नाही, आणि दुपारी वारा उठला की पाणी खवळतं. या खोऱ्याची स्वप्नं बाई किती तरी वर्षं बघत होत्या. गुडघे कुरकुरायला लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दत्तप्रसादांनी दिवाणखान्यात सामान मांडलं. मोठा कुकर, गॅसची शेगडी, दोन घडीच्या खुर्च्या, पोळपाट-लाटणं.

"पाण्यात उतरायचंय की बिऱ्हाड हलवायचंय?" बाई म्हणाल्या. "एवढं भरलंत तर तापोळ्यालाच तळ गाठाल."

"वजनाचं मी बघतो. आणि मागे मी बसणार."

"वळवता येते का तुम्हाला?"

"कारखान्यात दोनशे माणसं वळवली मी."

"ती घाबरून वळली. पाणी कशाला घाबरेल तुम्हाला?"

"मग मी येत नाही. जा एकटी."

बाईंचा ताबा सुटला, आणि ताबा सुटला की त्यांच्या तोंडून कळस बोलायचं. "माझ्या पैशाची होडी हाय ती. मागं मीच बसणार. तुमी नाय आलात तर सून यील."

सून राजनंदिनी खराडीला आयटीत होती. पोहण्यात तरबेज, खांद्यानं दणकट. संध्याकाळी ती दमून घरी आली, तर बाईंनी चहाचा कप हातात देता देताच विचारलं.

"जायला आवडेल, आई. पण तुमच्या पुढे नाही बसणार मी."

"का? खाते का मी तुला?"

राजनंदिनीनं कप खाली ठेवला. "पानशेतला बसले होते ना अर्धा तास. रागावू नका, पण पाण्यात उतरलात की तुम्ही बाबा बनता. सेम टोन. मला घरातले एक बाबा पुरेसे आहेत."

कुणी थोबाडीत मारली असती तरी बाईंना इतकं लागलं नसतं. सुनेला फाडून खायला त्यांनी तोंड उघडलं, आणि जिभेवर आलं ते वाक्य नवऱ्याचं होतं: मला शिकवू नकोस. त्यांनी ते गिळलं. ज्या आवाजाचा जन्मभर संताप केला तोच आवाज आपण मागच्या बैठकीवरून लावतो, आणि तोच लावायला आपल्याला आवडतो, हे त्यांना लख्ख कळलं. स्वतःचा राग आला. सुनेचा त्याहून जास्त आला.

जेवताना दत्तप्रसादांनी तोडगा काढला. "मी पुढे बसतो. पण तिन्ही दिवस एक शब्द काढायचा नाहीस. हुकूम नाही, टोमणा नाही."

बाईंनी त्यांच्या वाटीत आमटी वाढली. "कबूल. पण परत आल्यावर तीन दिवस तुम्ही घरात एक शब्द बोलायचा नाही. भाजी मी ठरवणार, पाहुणे मी ठरवणार, टीव्ही मी लावणार."

विश्वजीत मान खाली घालून भात कालवत बसला.

"त्यापेक्षा रद्द करू," दत्तप्रसाद शेवटी म्हणाले.

बाईंनी खरं तर भांडायला हवं होतं. खोरं कायमचं हातचं चाललं होतं. पण ऐन वाऱ्यात हा माणूस भलत्याच बाजूला वल्हं मारतोय आणि आपण ओठ शिवून बसलोय, हे त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. ते त्यांना मेल्यावरच जमलं असतं. "करा रद्द," त्या म्हणाल्या, आणि आमटीचं पातेलं ओट्यावर आदळलं.

"मग कनू मी नेऊ का?" राजनंदिनीनं विचारलं. "ऑफिसमधली उत्कर्षा येईल. आम्ही रोज जागा बदलू."

नाही म्हणायला कारण सापडेना. जागा बदलायचं बाईंना एवढ्या हिवाळ्यांत कधी सुचलं नव्हतं. दत्तप्रसादांना ते सात जन्मांत सुचलं नसतं.

जानेवारीतल्या एका सकाळी कनू गाडीच्या टपावर चढली. नवराबायको सोसायटीच्या फाटकात उभे होते. "मागची दोरी सैल आहे," दत्तप्रसाद म्हणाले. "आधी पुढची आवळा," बाई म्हणाल्या. "आणि वारा उठायच्या आत काठाला लागा." "कुकर घेतलात का?" दत्तप्रसादांनी विचारलं. पोरींनी सगळ्याला हो हो म्हटलं, काचा वर केल्या आणि गाडी आळंदी रस्त्याला लागली.

फाटकात दोघंच उरले. तोंडात हुकूम गोळा झालेले, आणि ते ऐकायला एकमेकांशिवाय कोणी नाही. बाईंना रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून त्या नवऱ्यावर खेकसल्या, "बघताय काय? फाटक लावा."

"तूच लाव," दत्तप्रसाद म्हणाले.

फाटक बराच वेळ उघडंच राहिलं.