मालनच्या एकवीस फेऱ्या

आमच्या घरात पाठ दुखण्याचा हक्क एकट्या माझा होता.

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी परंड्याला प्राथमिक शाळेत मास्तर. ऐन तिशीत माझी पाठ सकाळी अशी आखडायची की खाटेवरून उठायला अर्धा तास! चाललं-फिरलं की सुटायची. (म्हणून मी वर्गात फिरत फिरत शिकवायचो. हेडमास्तरांना वाटायचं, माणूस लई कामसू!) घरात माझ्या कण्हण्याचा थाट होता. आई शेक घेऊन हजर, शेजारचे चाँदभाई शिंपी तेल घेऊन हजर. माझी बायको मालन तेवढी नसायची. ती उजाडायच्या आत उठून अंगणातल्या तुळशीला फेऱ्या घालायची. मोजून एकवीस!

"माझ्या पाठीसाठी चाललंय सगळं," मी चाँदभाईंना सांगायचो.

"नसीबवाले हो मास्टर!"

मी ते आळीभर सांगितलं. मग आळीतल्या दोघी-तिघी मालनला म्हणाल्या, "वैनी, आमीबी येतो फेऱ्याला." मालनचं तोंड एवढंसं झालं. "नगं बाई, मी एकटीच बरी," म्हणाली. मला वाटलं, काय हा विनय!

आता खरी गंमत पुढंच. मालन होती पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण पळते, असं आमच्याकडं मानतात. लांबलांबची माणसं वाकडी यायची आणि मालनचा पाय लागला की सरळ होऊन जायची. मी मात्र ओसरीवर वाकडाच! कारण बायकोचा पाय नवऱ्याला कसा लावायचा?

"लगा लेव ना मास्टर, कौन देखता?" चाँदभाई म्हणाले.

"नवऱ्याला लाथ?" आई कडाडली. "सात पिढ्या नरकात जातील!"

पण माझं कण्हणं ऐकून शेवटी तीच कंटाळली. तोड निघाली. मी घोंगडी पांघरून ओणवं व्हायचं. खाली कोण आहे हे मालनला ठाऊक नाही, म्हणजे पाप नाही! (ती घोंगडी मालननंच आदल्या दिवशी धुतली होती.)

रविवारी सकाळी मी घोंगडीत शिरलो. मालन तुळशीकडं निघाली, तर आईनं तिला अडवलं.

"आधी हे उरक. फेऱ्या मागनं."

"आत्याबाई, दहाच घालू द्या."

"देव कुठं पळून चाललाय?"

मालननं खांब धरला, पाय उचलला, माझ्या पाठीवर टेकवला. मी वाट बघतोय. पाय काही निघेना!

"झालं का?" आईनं विचारलं.

"झालं."

"मग काढ की!"

"निघंना, आत्याबाई! कंबर धरली!"

झालं! वर मालन अडकलेली, खाली मी अडकलेलो. मी हललो तर ती पडणार, ती हलली तर मी मोडणार. आळी गोळा झाली. आई कपाळ बडवत होती, "नवऱ्याला पाय लावला, देवानं पाय धरला!" मालनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं म्हणे. आणि मी घोंगडीतून काय ओरडावं? "अरे, माझी पाठ बघा कुणीतरी!"

चाँदभाईंनी आणि आईनं मिळून तिला कापडाच्या ठाणासारखी अल्लद आडवी केली. दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही दोघं बार्शीला.

डॉक्टरांनी माझ्या पाठीचा फोटो काढला. "मणके जुळत चाललेत. कणा एकसंध होतो यात. पुरुषांचा आजार आहे हा."

मला उगाच छाती फुगवावीशी वाटली. (फुगेना!)

"आणि बाईंचं काय?"

"तिचं काही न्हाय," मीच उत्तर दिलं. "घरकाम. बायकांची पाठ असतीच तसली."

डॉक्टरांनी मान डोलावली, लिहायला लागले. तेवढ्यात मालन हळूच म्हणाली, "घरकामानं न्हाय दुखत. काम केलं की बरं वाटतं."

डॉक्टरांचा पेन थांबला. "मग कधी दुखतं?"

"पहाटं. पडून ऱ्हायलं की आखडतं, हाललं की सुटतं. म्हणून तर तुळशीला फिरते."

"किती वर्षं झाली?"

"लगीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. ह्यांच्या आधीपासून."

तिचाही फोटो काढला. तो जवळजवळ स्वच्छ! मी म्हटलं, "बघा, काही न्हाय." डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "बायकांच्या फोटोत हे लवकर उमटत नाही, मास्तर. म्हणून आम्हीही मानत नाही. पण दुखणं तेच आहे."

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "सांगायचं न्हाय का?"

"सांगितलं की. दोनदा. तुमी म्हणालात, आधी माझी पाठ शेक."

तरी खोड कुठं जाते! मी विचारलंच, "एवढ्या फेऱ्यांत माझ्यासाठी एकबी नव्हती?"

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "शेवटची होती. तवर पाठ सुटलेली असायची. देवाला काही मागायला जीव ऱ्हायचा."

मालन जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई गेली, चाँदभाई गेले, पोरं पुण्याला. एकट्यानं कण्हून बघितलं. ऐकायला कुणी नसलं की कण्हण्यात राम नसतो. मालनची फार आठवण येते. मग उठतो, अंगणात जातो. वीस फेऱ्या पाठीच्या, एकविसावी मालनची.

आळीतल्या बायका कुंपणावरून म्हणतात, "गुरुजी लई देवभोळे झाले हो!" मी मान हलवून नाही म्हणायला जातो, पण ती तरी आता कुठं हलते!